सानुग्रह साहाय्याकडून नुकसानभरपाईकडे : ब्रिटनमधील दूषित रक्तबाधितांसाठीच्या योजना

‘रक्तदान हेच श्रेष्ठ दान’ ही ओळ गावोगावच्या रक्तदान शिबिरांच्या फलकांवर वाचावयास मिळते. दाता विश्वासाने रक्त देतो आणि रुग्ण विश्वासाने ते घेतो. अंगात चढणाऱ्या रक्ताची पारख रुग्णाला स्वतः करता येत नाही. ती त्याच्या वतीने डॉक्टरांनी, रक्तपेढीने आणि अंतिमतः शासनाने करावयाची असते. ही पारख चुकली आणि बरे होण्यासाठी घेतलेल्या रक्तातूनच माणसाला असाध्य रोग जडला, तर त्याच्या औषधपाण्याचा, बुडालेल्या मिळकतीचा आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा भार कोणी उचलावयाचा, हा प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत अनेक देशांपुढे उभा राहिला. त्यांपैकी ब्रिटनचा अनुभव सर्वांत विस्तृत आहे. तेथे एकामागून एक अशा अनेक योजना आल्या आणि तरीही प्रश्न सुटला नाही. तो का सुटला नाही, हे समाजकल्याणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहण्याजोगे आहे.

वरदान वाटलेले औषध

हिमोफिलिया हा जन्मजात विकार प्रामुख्याने पुरुषांत आढळतो. रक्त गोठण्यासाठी आवश्यक असलेला एक घटक या रुग्णांच्या रक्तात नसतो किंवा फार कमी असतो. बहुतेकांत तो घटक आठवा असतो, तर काहींत नववा. अशा मुलाला जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही. त्याहूनही त्रासाचा भाग म्हणजे गुडघे, घोटे, कोपर यांच्या सांध्यांत आतल्या आत होणारा रक्तस्राव. त्याने सांधे सुजतात, झिजतात आणि तरुणपणीच माणूस अपंग होतो.

१९६४ च्या सुमारास अमेरिकेतील डॉ. जुडिथ पूल यांनी गोठविलेला रक्तद्रव सावकाश वितळवून त्यातून आठवा घटक वेगळा करण्याची सोपी पद्धत शोधली. या पद्धतीत एका रुग्णासाठी थोड्याच दात्यांचे रक्त लागत असे. परंतु हे औषध गोठवून ठेवावे लागे आणि ते घेण्यासाठी बहुधा रुग्णालयात जावे लागे. सत्तरीच्या दशकात त्याहून सोयीचे औषध आले. ते घटकाचे संहत चूर्ण होते. ते घरच्या शीतकपाटात ठेवता येई आणि पाण्यात मिसळून रुग्णाला स्वतःच टोचून घेता येई. मुले शाळेत जाऊ लागली, पालकांच्या रात्रीच्या धावपळी कमी झाल्या. या औषधाचे त्या काळी झालेले स्वागत मुळीच अनाठायी नव्हते.

दोष औषध तयार करण्याच्या पद्धतीत होता. या चूर्णासाठी हजारो दात्यांचा रक्तद्रव एकाच हौदात ओतला जाई. त्यांतील एक दाता जरी बाधित असला तरी सारा घाणा दूषित होत असे. अमेरिकेतील कंपन्या हा रक्तद्रव पैसे देऊन विकत घेत, आणि विकणाऱ्यांत कैदी, व्यसनाधीन व निष्कांचन माणसे असत. रक्त विकणाऱ्याला आपला आजार लपविण्याचा मोह होतो, तर ते दान करणाऱ्याला तसे कारण नसते, हा मुद्दा रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये आपल्या ग्रंथात मांडला होता. ब्रिटनची स्वतःची रक्तसेवा स्वेच्छादानावर उभी होती, आणि तिचा त्या देशाला अभिमान होता. तरीही देशी उत्पादन अपुरे पडल्यामुळे १९७३ पासून अमेरिकन चूर्णाची आयात होऊ लागली. स्वेच्छेने रक्त देणाऱ्या देशाने रक्त विकणाऱ्यांचा माल घ्यावा, ही विसंगती त्या वेळी फारशी कोणाच्या नजरेस खुपली नाही.

इशारे मिळाले, उपाय लांबले

या रक्तातून यकृतदाह, म्हणजे हिपॅटायटिस, पसरू शकतो हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक होते. १९७५ मध्ये आरोग्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी देश या औषधाबाबत स्वयंपूर्ण करण्याचे जाहीर केले आणि त्यासाठी ५ लाख पौंडांची तरतूद केली. स्वयंपूर्णता मात्र आली नाही. पुढे एड्सची चिन्हे दिसू लागल्यावर मे १९८३ मध्ये साथरोग निरीक्षणाचे प्रमुख डॉ. स्पेन्स गॅलब्रेथ यांनी अमेरिकन रक्तद्रवापासून केलेले औषध मागे घ्यावे, असे आरोग्य विभागाला लेखी कळविले. ते मानले गेले नाही. विषाणू नष्ट करण्यासाठी औषध तापवून देण्याची पद्धत १९८४ च्या अखेरीस व १९८५ मध्ये रूढ झाली. दात्यांच्या रक्ताची एच. आय. व्ही. चाचणी ऑक्टोबर १९८५ मध्ये सुरू झाली, तर हिपॅटायटिस ‘सी’ ची चाचणी थेट सप्टेंबर १९९१ मध्ये.

रक्तस्रावाचे विकार असलेल्या सुमारे १,२५० व्यक्तींना एच. आय. व्ही. ची बाधा झाली. त्यांत सुमारे ३८० मुले होती. यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्ती पुढे मरण पावल्या. ज्यांना हिमोफिलिया नव्हता, पण बाळंतपणात, अपघातात किंवा शस्त्रक्रियेत रक्त चढवावे लागले, अशांची संख्या याहून किती तरी मोठी आहे. रक्त चढविल्याने हिपॅटायटिस ‘सी’ झालेल्यांचा अंदाज सुमारे २६,८०० इतका आहे. हॅम्पशायर परगण्यातील ट्रेलोर या निवासी शाळेत अपंग मुलांच्या शिक्षणाबरोबर हिमोफिलियाच्या उपचाराचीही सोय होती. १९७० ते १९८७ या काळात तेथे या विकाराचे १२२ विद्यार्थी होते. चौकशी सुरू असताना त्यांतील जेमतेम तीस जण हयात होते.

पाच योजनांची गुंतागुंत

एच. आय. व्ही. बाधितांच्या संघटनांनी मदतीची मागणी लावून धरल्यावर ब्रिटिश शासनाने १९८७ च्या अखेरीस १ कोटी पौंड देऊ केले, आणि ते वाटण्यासाठी १९८८ मध्ये मॅकफार्लेन न्यास स्थापन झाला. रक्त गोठण्याच्या प्रक्रियेवर मूलभूत संशोधन करणाऱ्या प्रा. मॅकफार्लेन यांचे नाव त्याला देण्यात आले. ही रक्कम नुकसानभरपाई नव्हती. आपल्याकडे दुष्काळ-पुराच्या प्रसंगी ज्याला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात, त्याच जातीची ती होती. अनुदान देणारा आपली चूक मान्य करीत नाही, तो केवळ सहानुभूतीने देतो. या एका शब्दात पुढील तीस वर्षांच्या वादाचे मूळ आहे.

बाधितांनी न्यायालयात दावे लावले तेव्हा १९८९ मध्ये प्रत्येकी २० हजार पौंड देण्यात आले, आणि डिसेंबर १९९० मध्ये ४ कोटी २० लाख पौंडांची तडजोड जाहीर झाली. या तडजोडीबरोबर एक अट होती. हिपॅटायटिसबाबत पुढे कधीही शासनाविरुद्ध दावा करणार नाही, असे बाधितांनी लिहून द्यावयाचे होते. त्यांपैकी बहुतेकांना हिपॅटायटिस ‘सी’ ही झालेला होता, पण पुष्कळांना ते कळविलेलेच नव्हते. आपल्या अंगात कोणता रोग आहे हे ठाऊक नसताना त्या रोगाविषयीचा हक्क माणसाने सोडून दिला. मृत्यू दाराशी उभा असलेल्या आणि पैशाची नड असलेल्या माणसाने केलेली सही कितपत स्वखुशीची मानावी, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकापेक्षा साध्या माणुसकीचा आहे.

रक्त चढविल्याने एच. आय. व्ही. झालेल्यांसाठी १९९३ मध्ये आयलीन न्यास आला. हिपॅटायटिस ‘सी’ झालेल्यांना मात्र २००४ पर्यंत काहीच मिळाले नाही. त्या वर्षी स्किप्टन निधी सुरू झाला. त्यात रोगाच्या पहिल्या अवस्थेत २० हजार पौंड आणि यकृत निकामी होण्याच्या अवस्थेत आणखी २५ हजार पौंड एकरकमी देण्यात येत. २९ ऑगस्ट २००३ पूर्वी मृत्यू आलेल्यांच्या वारसांना आरंभी यातून वगळण्यात आले होते. ती त्रुटी २०११ मध्ये दूर झाली, आणि त्याच वेळी दुसऱ्या अवस्थेची रक्कम वाढवून वार्षिक वेतनही लागू झाले. दरम्यान एच. आय. व्ही. बाधितांचे वार्षिक वेतन देण्यासाठी चौथी संस्था उभी राहिली होती. हिपॅटायटिसग्रस्त आणि त्यांच्या अवलंबितांसाठी कॅक्स्टन प्रतिष्ठान ही पाचवी संस्था २०११ मध्ये आली. हिपॅटायटिस ‘बी’ ची बाधा झालेल्यांना यांपैकी एकाही योजनेत जागा नव्हती.

कागदावर पाहिले तर प्रत्येक योजना मागील योजनेतील उणीव भरून काढीत होती. लाभार्थ्याच्या बाजूने पाहता चित्र निराळे दिसते. दोन रोग असलेल्या एकाच माणसाला दोन-तीन कार्यालयांशी पत्रव्यवहार करावा लागे. प्रत्येकाचे नमुने, नियम आणि रकमा वेगळ्या होत्या. वार्षिक वेतनापलीकडील साहाय्य घराच्या उत्पन्नावर अवलंबून असे. छप्पर दुरुस्त करावयाचे आहे, धुलाईयंत्र मोडले आहे, हे पुराव्यानिशी सांगून न्यासाकडे मागणी करावी लागे, आणि ती मंजूर होईल की नाही याची शाश्वती नसे. आपल्याला भिक्षेकऱ्याप्रमाणे वागविण्यात आले, असे अनेकांनी पुढे चौकशी समितीपुढे सांगितले. निधी मर्यादित होता, ही न्यासांच्या विश्वस्तांची अडचणही खरी होती. त्यांना शासनाकडून जेवढे मिळे तेवढ्यातच वाटप करावयाचे होते. परंतु आजारी माणसाला हिशेबाची ही बाजू दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही.

सर्वांत बिकट अडचण पुराव्याची होती. वीस-तीस वर्षांपूर्वी आपल्याला रक्त चढविले होते, हे रुग्णाने सिद्ध करावयाचे होते. रुग्णालयांनी जुनी कागदपत्रे ठराविक मुदतीनंतर नष्ट केलेली असत. बाळंतपणात रक्त चढविलेल्या स्त्रीला त्या वेळी कोणी सांगितलेही नसे. मग यकृत खालावल्यावर डॉक्टरांचे पहिले प्रश्न दारूविषयी असत. एच. आय. व्ही. बाधितांच्या वाट्याला याहून वेगळे दुःख आले. शेजाऱ्यांच्या भीतीमुळे अनेक कुटुंबांनी आजाराचे नाव घराबाहेर काढले नाही. साहाय्याचा अर्ज करावयाचा म्हणजे ते नाव कागदावर लिहावयाचे, एवढ्या कारणाने मागे राहिलेलेही होते.

सार्वजनिक चौकशी आणि तिचे निष्कर्ष

लॉर्ड आर्चर यांच्या अध्यक्षतेखालील खाजगी निधीवर चाललेल्या चौकशीचा अहवाल २००९ मध्ये आला. पण साक्षीदारांना बोलावण्याचा कायदेशीर अधिकार तिला नव्हता. स्कॉटलंडमधील पेनरोज चौकशी २००८ मध्ये नेमली गेली आणि २०१५ मध्ये संपली. इतक्या वर्षांनंतर तिने एकच शिफारस केली, तेव्हा बाधितांचा संताप अनावर झाला. अखेर जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी संपूर्ण देशासाठी वैधानिक चौकशी जाहीर केली. निवृत्त न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ हे तिचे अध्यक्ष झाले. याच वर्षी पाच जुन्या संस्था मोडीत काढून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्यासाठी एकेक अशा चार योजना सुरू करण्यात आल्या. एकाच देशातील चार भागांत रकमा वेगवेगळ्या असल्याने नवी तक्रार उद्भवली. ती दूर करण्याचे मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले.

चौकशीचा अंतिम अहवाल २० मे २०२४ रोजी सात खंडांत प्रसिद्ध झाला. ३० हजारांहून अधिक माणसे बाधित झाली, ३ हजारांहून अधिक दगावली, आणि यातील पुष्कळसे टाळता येण्याजोगे होते, असे त्यात नमूद आहे. ही घटना अपघात नव्हती, रुग्णांच्या सुरक्षिततेला अग्रक्रम दिला गेला नाही, आणि पुढे सत्य झाकण्यात आले, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होय. रुग्णांना न कळविता त्यांच्यावर चाचण्या व संशोधन झाल्याचेही अहवालात आले आहे. त्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी लोकसभागृहात शासनाच्या वतीने क्षमा मागितली.

अहवालापूर्वीच पैशाच्या प्रश्नाला वेग आला होता. सर रॉबर्ट फ्रान्सिस यांनी २०२२ मध्ये भरपाईच्या चौकटीचा अभ्यास सादर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये योजनांत नोंद असलेल्या सुमारे ४ हजार बाधितांना व त्यांच्या मागे राहिलेल्या जोडीदारांना प्रत्येकी १ लाख पौंड अंतरिम म्हणून देण्यात आले. अंतिम भरपाईसाठी मंडळ नेमण्यास शासन वेळ लावीत आहे असे दिसल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी खासदार डायना जॉन्सन यांची दुरुस्ती-सूचना २४६ विरुद्ध २४२ अशा मतांनी संमत झाली. चार मतांच्या फरकाने शासनाचा पराभव झाला. त्यातून पुढे २४ मे २०२४ च्या अधिनियमान्वये ‘दूषित रक्त भरपाई प्राधिकरण’ अस्तित्वात आले. ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेचल रीव्ह्‌ज यांनी त्यासाठी ११.८ अब्ज पौंडांची तरतूद केली.

भरपाईची मोजणी

नव्या योजनेत रक्कम पाच शीर्षांखाली मोजली जाते. रोगाने झालेली शारीरिक व मानसिक इजा हे पहिले शीर्ष. समाजात सोसावा लागलेला कलंक व एकटेपणा हे दुसरे. तिसरे शीर्ष विशेष आहे. मूल होऊ देण्याचा निर्णय घेता न येणे, संमतीवाचून आपल्यावर प्रयोग होणे, म्हणजेच स्वतःच्या आयुष्यावरील अधिकार गमावणे, याचीही किंमत धरली आहे. शुश्रूषेचा खर्च आणि बुडालेले उत्पन्न ही उरलेली दोन शीर्षे. बाधित व्यक्तीच नव्हे तर जोडीदार, आई-वडील, मुले, भावंडे आणि घरी शुश्रूषा करणारे यांनाही स्वतःच्या नावाने हक्क आहे. मृताची भरपाई त्याच्या मालमत्तेत जमा होते. हिपॅटायटिस ‘बी’ चा दीर्घकालीन आजार आता योजनेत आला आहे. रकमेवर प्राप्तिकर नाही आणि तिच्यामुळे शासनाचे अन्य कल्याणकारी लाभ बंद होत नाहीत. हा तपशील लहान दिसतो, पण एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाऊ नये यासाठी तो फार आवश्यक असतो. दरमहा साहाय्य घेत आलेल्यांना ते चालू ठेवण्याचा पर्यायही आहे.

प्रत्यक्ष वाटप मात्र मुंगीच्या पावलांनी सुरू झाले. पहिल्या रकमा देऊ करण्यात आल्या त्या डिसेंबर २०२४ मध्ये. प्राधिकरण स्वतः बोलावील तेव्हाच दावा करावयाचा, अशी आरंभीची पद्धत होती. मे २०२५ पर्यंत अंतिम रक्कम हाती पडलेल्यांची संख्या शंभराच्या आसपास होती. म्हणून सर ब्रायन यांनी पुन्हा सुनावण्या घेतल्या आणि जुलै २०२५ मध्ये पूरक अहवाल दिला. लोकांना वाट पाहत न ठेवता अर्ज करू द्यावा, आणि १९८२ पूर्वी एच. आय. व्ही. झालेल्यांना वगळणारी तारखेची अट काढावी, असे त्यात सुचविले होते. शासनाने त्यांतील बऱ्याच सूचना मान्य केल्या.

अन्य देशांत

फ्रान्सने डिसेंबर १९९१ च्या कायद्याने खास निधी उभारला. तेथे राष्ट्रीय रक्तकेंद्राच्या प्रमुखास १९९२ मध्ये तुरुंगवासही झाला. जपानमध्ये १९९६ च्या तडजोडीत प्रत्येक फिर्यादीस ४ कोटी ५० लाख येन मिळाले आणि आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी जाहीर क्षमायाचना केली. आयर्लंडमध्ये बाळंतपणाच्या वेळी दिलेल्या ‘अँटी-डी’ या रक्तजन्य इंजेक्शनातून एक हजाराहून अधिक स्त्रियांना हिपॅटायटिस ‘सी’ झाला होता. तेथील न्यायाधिकरणाने कोणाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची अट न घालता भरपाई दिली. कॅनडाने १९९८ मध्ये १९८६ ते १९९० या काळातील बाधितांनाच पैसे दिले. एक दिवस आधी रक्त घेतलेला माणूस बाहेर राहिला, आणि ही रेषा पुसण्यास २००६ साल उजाडले. योजना आखताना कार्यालयात बसून ओढलेली तारखेची रेषा किती घरांतून जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आपल्याकडील स्थिती

भारतात अशी स्वतंत्र भरपाई योजना नाही. प्रतिबंधाच्या बाजूने महत्त्वाचे पाऊल सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी १९९६ च्या निकालाने पडले. राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा त्यातून निर्माण झाल्या आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास बंदी आली. प्रत्येक पिशवीची एच. आय. व्ही., हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’, उपदंश आणि हिवताप यांसाठी तपासणी करणे रक्तपेढ्यांवर बंधनकारक आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिन्ही रक्तविकारांचा समावेश झाला. विदर्भ व खानदेशातील आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने महाराष्ट्राच्या दृष्टीने हे विशेष मोलाचे आहे. एच. आय. व्ही. बाधितांविरुद्ध भेदभावास मनाई करणारा २०१७ चा अधिनियम सप्टेंबर २०१८ मध्ये अंमलात आला. महाराष्ट्रात १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून निराधार एड्सग्रस्तांना दरमहा अर्थसाहाय्य देण्यात येते. अर्थात हे साहाय्य रुग्णाच्या निराधार स्थितीकडे पाहून दिले जाते. रोग कोणाच्या चुकीने जडला, हा प्रश्न त्यात विचारलेला नसतो.

तो प्रश्न विचारावयाचा तर न्यायालयाची पायरी चढावी लागते. भारतीय हवाई दलातील एका जवानाला २००२ मध्ये सीमेवर तैनात असताना आजारपणात लष्करी रुग्णालयात एक पिशवी रक्त चढविण्यात आले. त्यातून एच. आय. व्ही. झाल्याचे त्याला २०१४ मध्ये कळले. दोन वर्षांनी त्याची नोकरी संपली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्याचा दावा फेटाळला होता. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२३ रोजी तो मान्य केला. हवाई दल व भूदल या दोघांनाही जबाबदार धरून १ कोटी ५४ लाख ७३ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रक्ताच्या त्या एका पिशवीपासून निकालापर्यंत एकवीस वर्षे गेली होती.